रुळांआधी रस्ता

मुंबई रुळांच्या कडेने वाढली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली आणि पुढची शंभर वर्षं शहर एकेका स्टेशनाला धरून उत्तरेकडे सरकत राहिलं. नवी मुंबईचं तसं झालं नाही. ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली वाहनांसाठी खुला झाला, आणि मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीला आली ती १९९२ च्या मे महिन्यात. मधली जवळजवळ एकोणीस वर्षं या शहरात राहायला आलेली माणसं बस, टॅक्सी, स्कूटर आणि मिळेल त्या टेम्पोच्या भरवशावर मुंबईला ये-जा करत होती. पनवेलला दिव्याहून येणारी रेल्वे होती, पण तिचा वाशी-नेरूळच्या चाकरमान्याला उपयोग नव्हता. आधी मोटारीचा रस्ता, मग वस्ती आणि शेवटी रेल्वे, अशा क्रमाने उभं राहिलेलं एवढं मोठं शहर महाराष्ट्रात दुसरं मला दिसत नाही. म्हणून मोटारीच्या इतिहासातल्या टप्प्यांविषयीचं हे पुस्तक जर्मनीतल्या कार्यशाळेपासून सुरू न करता मी वाशीच्या पुलापासून सुरू करतो आहे.

मोटारीचे इतिहास बहुधा गाड्यांच्या नावांनी भरलेले असतात. कोणतं मॉडेल कोणत्या साली आलं, किती सिलिंडर, ताशी किती वेग. ती माहिती लागतेच आणि पुढच्या प्रकरणांत ती आहे. पण हजारो तारखांतून नेमक्या कोणत्या तारखेला टप्पा म्हणायचं, हा प्रश्न त्या यादीने सुटत नाही. या पुस्तकापुरता मी एक निकष धरला आहे: ज्या वर्षी सामान्य माणसाला नवा रस्ता मिळाला, गाडीत बसायला जागा मिळाली किंवा गाडीच्या धंद्यात पोट भरायची सोय झाली, ते वर्ष मोठं. ज्या वर्षी त्याच्याकडून काही काढून घेतलं गेलं, तेही तितकंच मोठं.

हा निकष लावला की ओळखीच्या गोष्टीही वेगळ्या दिसू लागतात. कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ही तारीख शाळेतली मुलंही पाठ करतात. पण त्या गाडीने खरोखर लांबचा प्रवास करता येतो हे दाखवलं ते त्याची बायको बेर्था हिने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने ते विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. गाडी बनवणारा, चालवणारी, इंधन विकणारा आणि दुरुस्त करणारा या चौघांची गरज त्या एका प्रवासात स्पष्ट झाली. या चौघांपैकी इतिहासाने पहिल्याचंच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि आपल्याकडेही तेच घडलं.

हेन्री फोर्डच्या सरकत्या जुळणीपट्ट्याची कथा सर्वपरिचित आहे, त्यामुळे ती इथे थोडक्यात सांगतो. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात तो सुरू झाला आणि मॉडेल टीच्या सांगाड्याच्या जुळणीला लागणारे साडेबारा तास वर्षभरात दीड तासावर आले. पुढच्याच वर्षी फोर्डने कामगाराचा रोज पाच डॉलर केला. गाडी बनवणाऱ्या कामगारालाही गाडी घेता यावी ही कल्पना तिथून मूळ धरू लागली. आपल्याकडे ती कल्पना यायला आणखी सत्तर वर्षं लागली.

मुंबईत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि मोटार घेणारे शहरातले पहिले भारतीय म्हणून जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं, साल १९०१. गाडी आली खरी, पण ती चालवायची कुठे? शहराबाहेर पडलं की रस्ते बैलगाडीचे. पुण्याला जाणारा बोरघाटाचा रस्ता १८३० साली चाकाच्या वाहनांसाठी खुला झालेला. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली, असं लोक सांगतात. त्या शिंगरोबाचं देऊळ घाटात आहे आणि तिथून जाताना गाडीतून नाणं टाकायची रीत चालकांनी कित्येक पिढ्या पाळली आहे. रेडिएटर उकळू लागला की त्याच घाटात गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडून उभं राहायचं, पाणी ओतायचं आणि इंजिन निवायची वाट पाहायची. मुंबई-पुण्याच्या मागच्या दोन पिढ्यांच्या प्रवासाच्या आठवणींत हे ठरलेलं आहे. त्याच घाटातला जुना अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, स्फोट करून पाडण्यात आला.

बैलगाडीच्या रस्त्याचा मोटारीचा रस्ता कसा झाला, याचा शोध घेताना एका मराठी माणसाजवळ थांबावं लागतं. त्याचं या संदर्भातलं नाव आपण पार विसरलो आहोत. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, तिथलं ग्रंथालय त्यांच्या नावाचं, कायदा आणि राजकारण यांतली त्यांची कामगिरी मान्यताप्राप्त. पण १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्षही तेच होते. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या अहवालाने एक साधी, पण तोवर सरकारने न मानलेली गोष्ट मांडली: मोटारीला लागणारे रस्ते बांधणं प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्यापलीकडचं आहे, ते राष्ट्रीय काम आहे, आणि त्याचा पैसा पेट्रोलवरच्या जादा करातून उभा करावा. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, तीही याच अहवालाचं फळ. आज पंपावर पेट्रोल भरताना रस्त्यासाठीचा जो पैसा आपण देतो, त्याचा उगम या बॅरिस्टरच्या लेखणीत आहे. पुढे १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. शेतीच्या मुलखातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असं स्वप्न त्या योजनेत होतं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही आपल्या तोंडी बसलेली वर्गवारीही तिथलीच. मोटारीच्या भारतीय इतिहासात मी जयकर अहवालाला आणि नागपूर योजनेला कोणत्याही गाडीपेक्षा वरचं स्थान देतो.

गाड्यांच्या कारखान्यांचा इतिहास मुंबईच्या पूर्व किनाऱ्यापासून सुरू होतो. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे त्यांची गाडी व्हायची. काही वर्षांत फोर्डही मुंबईत आली. पण ही जुळणी झाली, निर्मिती नव्हे. इथेच गाडी बनवायची असा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात व्हाव्यात म्हणून हा माणूस इंग्रज सरकारशी आयुष्यभर भांडला. मोटार धंद्याचा आराखडा मांडणाऱ्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची त्यांना साथ होती. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी करार झाला. सरकारने युद्धकाळात मदत नाकारली. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली तिची पहिली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. १९५३ साली वालचंद गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने ठरवलं, की ज्यांना इथे निर्मिती करायची आहे त्यांनीच थांबावं. वर्षभरात जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या.

१९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० होऊ लागली. गोलसर पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी ती गाडी मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली. पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. स्टिअरिंगखालचा हाताचा गिअर, १०८९ सीसीचं इंजिन, आणि कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता येईल अशी साधी रचना. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, हे खरं. परवाना राज्याने ग्राहकाला नाडलं, हेही खरं. पण याच काळात कुर्ला, घाटकोपर, चेंबूरच्या चाळींतून हजारो कामगार घडले. टर्नर, फिटर, वेल्डर, पेंटर. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली त्यांनी पगारवाढीचे लढे दिले, आणि कारखाना आटला तेव्हा त्यांतले कितीतरी जण ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पनवेलमध्ये छोटी गॅरेजं टाकून बसले. पद्मिनीची निर्मिती शतकाच्या शेवटी थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर अधिकृत काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. वृत्तपत्रांनी त्या दिवशी गाडीवर भरभरून लिहिलं. ती बनवणाऱ्या कामगारांवर फारच थोडं.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं प्रकरण या पुस्तकात मुद्दाम मोठं ठेवलं आहे. फारसं शिक्षण नसलेल्या या माणसाने १९४९ साली स्वतःच्या कल्पनेने छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला आणि नंतरची कित्येक वर्षं तो सुधारत नेला. सामान्य कुटुंबाला बारा हजारांत घेता येईल अशी ‘मीरा’ ही गाडी १९७५ साली मुंबईत लोकांसमोर आली होती. कारखान्याचा परवाना आणि भांडवल मात्र तिच्या वाट्याला आलं नाही. सामान्यांची छोटी गाडी म्हणून मारुती ८०० आली ती त्यानंतर, डिसेंबर १९८३ मध्ये. टाटांच्या स्वस्त नॅनोचं नाव घेताना शंकररावांचं नाव घेतलं जात नाही, याची मला खंत आहे.

स्वतःची गाडी हा मोटारयुगाचा एक छोटा भाग. महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या आयुष्यात मोटार शिरली ती एसटीच्या रूपाने. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली बस निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. लाकडी बांध्याची, तीस आसनांची. या दोघांची नावं बेन्झ आणि फोर्ड यांच्या शेजारी छापताना मला कसलाही संकोच वाटत नाही. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली विजेवर चालणारी शिवाई बस निघाली, तीही याच मार्गावर.

आता पुन्हा खाडीवर येतो. पुलाआधी मुंबईहून पुण्याला किंवा कोकणात जाणारी गाडी ठाणे, मुंब्रा, शीळ फाटा असा वळसा घेऊन पनवेलला उतरायची. खाडीवर पूल होणार हे साठच्या दशकात ठरत होतं. नुसता पूल बांधला तर पलीकडे मुंबईचं आणखी एक अस्ताव्यस्त उपनगर होईल, त्याऐवजी नवं शहरच वसवा, अशी मांडणी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून केली. शिरीष पटेल म्हणजे केम्प्स कॉर्नरचा, देशातला पहिला उड्डाणपूल उभारणारे अभियंते; तो पूलही १९६५ चाच. त्यांच्या आराखड्यातलं शहर सार्वजनिक वाहतुकीच्या दोरीत ओवलेल्या नोड्सचं होतं, खासगी मोटारीचं नव्हतं. ते शहर वसवण्यासाठी १९७० च्या मार्चमध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. पण बस आणि रेल्वे दोन्ही मागे राहिल्या, रस्ता पुढे गेला. सिडकोने सुरू केलेली बससेवा ऐंशीच्या दशकात बंद पडली आणि महापालिकेची एनएमएमटी रस्त्यावर आली ती १९९६ मध्ये. नियोजनकारांना अपेक्षित असलेलं शहर आणि मोटारीने घडवलेलं शहर यांतली ही तफावत पाम बीच रोडवर कोणत्याही सकाळी दिसते.

खुद्द पुलाचीही दमछाक झाली. खाऱ्या हवेने त्याच्या आतल्या पोलादी केबली गंजल्या, अवजड वाहनांवर बंधनं आली, आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. तिसऱ्या पुलाची एक बाजू २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी २०२५ च्या जूनमध्ये खुली झाली. पन्नास वर्षांत एकाच ठिकाणी तीन पूल.

या पुलांवरून आधी धावले ते ट्रक. १९८१ साली कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला, १९९६ पर्यंत भाजी आणि फळंही आली. मध्यरात्री नाशिकचा कांदा, जुन्नरची भाजी, देवगडचा हापूस घेऊन ट्रक बाजार समितीत शिरतात आणि पहाटेपर्यंत मुंबईचं जेवण ठरतं. कळंबोलीला लोखंड बाजार आणि त्याच्याभोवती ट्रकवाल्यांची, टायरवाल्यांची, ढाबेवाल्यांची वस्ती. १९८९ च्या मेमध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि उरण, गव्हाण फाटा, पळस्पे या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलरच्या रांगा लागल्या. गाडीतच झोपणारे, गाडीतच स्टोव्ह पेटवणारे हे चालक आणि क्लीनर देशाच्या आयात-निर्यातीचा मोठा भार वाहतात. त्यांना थांबायला सुरक्षित जागा आणि स्वच्छतागृह मिळावं, ही मागणी आजही पुरी झालेली नाही.

हे सारं ज्यांच्या जमिनीवर झालं, ती पंचाण्णव गावं होती. भातशेती, मिठागरं, मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी माणसं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. महामार्गाच्या इतिहासात हे का, असं कोणी विचारेल. जमिनीवाचून रस्ता होत नाही, आणि ती जमीन कोणाची तरी असते, म्हणून.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीहून सुरू होतो. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा देशातला पहिला सहापदरी द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. अभियांत्रिकी म्हणून ती अभिमानाची गोष्ट आहे आणि मी तिचं कौतुक मनापासून करतो. पण ताशी शंभराच्या वेगाची सवय नसलेल्या समाजाला हा रस्ता मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून परतताना भातण बोगद्याजवळ अभिनेत्री भक्ती बर्वे अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अभिनेते आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडशांचा लहानगा मुलगा. नावं माहीत असलेल्यांसाठी महाराष्ट्र रडला. २०१६ या एका वर्षात या मार्गावर १५१ माणसं मेली, त्यांतली बहुतेक आपल्याला अनोळखी. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून धोक्याच्या जागा एकेक करून दुरुस्त केल्या, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवलं, आणि काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. अपघात हे नशीब नसतं, याचा इतका ठाम पुरावा दुसरा नाही. १९५९ साली व्हॉल्वोच्या निल्स बोहलिनने तीन टोकांचा सीट बेल्ट तयार केला आणि कंपनीने तो सर्वांना वापरू दिला. मागच्या सीटवरही तो लावायचा असतो, हे आपल्याला पटायला उद्योगपती सायरस मिस्त्रींचा ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात व्हावा लागला.

आणखी एक गोष्ट द्रुतगती मार्गापासून सुरू झाली. दुचाकी आणि रिक्षा यांना तिथे बंदी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्यावरही तीच बंदी. सुरक्षेच्या दृष्टीने तिचं कारण मला पटतं. पण देशातली बहुसंख्य वाहनं दुचाकी आहेत, आणि आपले सगळ्यांत मोठे रस्ते त्यांच्यासाठी नाहीत. म्हणून अशा रस्त्यांवर भरपूर, स्वस्त बस हवी, असं माझं मत आहे आणि पुस्तकात मी ते लपवलेलं नाही. दुसरीकडे पळस्प्याहून निघणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि गणपतीला गावी निघालेला चाकरमानी पुढची कित्येक वर्षं खड्ड्यांतूनच जात राहिला. सेतू पाच-सहा वर्षांत समुद्रावर उभा राहू शकतो, मग हा रस्ता का रखडला, हा प्रश्न कोकणातला प्रत्येक माणूस विचारतो आणि तो रास्त आहे.

पुढची प्रकरणं कालक्रमाने नाहीत. घाट, कारखाना, एसटी, पूल, बाजार, द्रुतगती मार्ग आणि विजेची गाडी असा त्यांचा क्रम आहे. वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. जुन्या गाड्या जपणारे हौशी लोक आहेत, त्यांच्या रॅली निघतात, ते चांगलंच आहे. पण गाडीभोवतीच्या माणसांचे कागद कोणी जपत नाही. तुमच्या घरात आजोबांचा लायसनचा बिल्ला असेल, कुर्ल्याच्या कारखान्याचं हजेरी कार्ड असेल, एसटीच्या नोकरीचं नेमणूकपत्र, गॅरेजची जुनी वही, पुलाआधीच्या वाशी गावाचा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. त्याच्या मागे नाव आणि साल लिहा, आणि जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला त्याची प्रत द्या.